अठ्ठेचाळीस चित्रांचे आवाज

प्रिय धाकट्या,

आपल्याला न विचारता परस्पर ठरवणाऱ्यांशी तू आणि मी जन्मभर भांडत आलो. ताईला दिसत नाही, तेव्हा सामान हलवण्याआधी तिला सांगायचं, हा नियम तू नऊ वर्षांचा असताना बाबांवर ओरडून करून घेतलास. त्यांनी गुपचूप टेबल सरकवलं होतं आणि माझ्या कपाळाला खोक पडली होती. म्हणून हे तुलाच लिहिते आहे, आणि गोड लिहिणार नाही.

रुग्णालयाच्या फोनकक्षात आम्ही सहा जण, सगळे न दिसणारे. पडद्यावर अठ्ठेचाळीस चित्रं. बाणाची कळ दाबत गेलं की प्रत्येक चित्राचा आवाज कानात येतो. कात्री चालली की फोन तोडायचं चित्र, भांड्यात पाणी पडलं की थांबवून ठेवायचं, कडी वाजली की प्रसूतिकक्ष. पाठ व्हायला मला तीन महिने लागले. आमच्यातले सगळ्यांत जुने काका रोज जेवणाच्या सुट्टीत माझी उजळणी घेत. पाणी भर, कडी काढ, आत जा, अशी गोष्टच करून दिली त्यांनी. मग बोटं आपोआप चालायला लागली.

गेल्या सोमवारी कामावर आलो तर सगळे आवाज गायब. त्यांच्या जागी नुसत्या मंजुळ घंटा. काका म्हणाले, शाळा सुटली वाटतं, चला घरी. मंगळवारी एका माणसाचा फोन आला, बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. फोन थांबवून ठेवायची घंटा समजून काकांनी कळ दाबली. ती तोडायची होती. दोन्हींत फरक असलाच तर केसाएवढा. त्याचा फोन पुन्हा लागेपर्यंत सात मिनिटं गेली. बाळबाळंतीण सुखरूप आहेत, पण काकांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. साहेब आम्हाला म्हणतात, कान शाबूत आहेत ना, मग सवय करा. मी म्हटलं, साहेब, उद्या तुमच्या गाडीचा ब्रेक दुसऱ्या पायाखाली नेऊन बसवते, करा सवय.

आवाज बदलायचं हे काम तुझ्या कंपनीचं, एवढं मला ठाऊक होतं. वाटलं, तुझ्या वरच्यांनी केलं असेल. काल युनियनची प्रतिनिधी म्हणून चौकशीचे कागद माझ्या हाती आले. त्यात एक ओळ आहे: 'बदलापूर्वी सर्व कर्मचाऱ्यांशी चर्चा करण्यात आली.' खाली तुझी सही. मी ते तीनदा वाचून घेतलं. गेल्या महिन्यात तू दोनदा माझ्याकडे जेवलास आणि याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. चर्चा झाली म्हटलं की चूक काकांची ठरते, आणि सव्वीस वर्षांची नोकरी तुझ्या एका ओळीवर जाते. गुरुवारी अकराला बैठक आहे. मी तिथे असेन. तू ये, सगळ्यांसमोर उभा राहा आणि सांग की आम्ही त्यांना विचारलं नव्हतं.

अजून तरी तुझीच,
ताई