सात वीसला पडणारा ईएलसीबी

१६ ऑक्टो.
सकाळी ७.२०. ईएलसीबी पुन्हा पडला. वीज कुठे गळाली की खाट्कन अख्खं घर बंद. अरुण बाथरूममध्ये, डोक्याला शाम्पू. "अगं, गीझर!" मी कणीक टाकून मीटरपाशी. खटका वर केला, लगेच खाली. दहा मिनिटांनी राहिला. आज तिसरा दिवस. नवऱ्याला ऑफिसला उशीर, म्हणजे चूक माझी, अर्थात.

१७ ऑक्टो.
इलेक्ट्रिशियन बन्सलजी आले. लक्ष्मीबाई नगरात निम्म्या क्वार्टर्सचे तेच डॉक्टर. गीझर ठोकून पाहिला. "एलिमेंट गया." बदललं. चलो, सुटलो.

१८ ऑक्टो.
७.२०ला पडला. एलिमेंट नवं, बोंब तीच.
बन्सलजी पुन्हा. "मॅडम, इसको हटा के डायरेक्ट कर देता हूँ. झंझट खतम."
"बिल्कुल नहीं." घरात ऐंशीच्या सासूबाई, ओल्या पायांनी फिरतात.
अरुण: "यार, तू पण ना! आमच्या लहानपणी कुठे होता ईएलसीबी?"
लहानपणी ह्याला गीझर तरी कुठे होता!
सासूबाई देवघरातून: "भांडू नका रे, सण आलाय."

२३ ऑक्टो.
चार दिवस पडला नाही! घरातले सगळे प्लग मी गुरुवारी रात्री कोरड्या फडक्याने पुसले, त्याचाच गुण. ऑफिसात सांगून झालं. दोघींनी कसं पुसायचं ते लिहून घेतलं.

२४ ऑक्टो.
सहज टेस्टचं बटण दाबलं. दाबलं की खटका पडायलाच हवा. नाही पडला. पुन्हा दाबलं. फ्रिज आपला गुणगुणतोय.
अरुण पेपरात शिरला. पेपर कालचा.
"बन्सलजी कधी आले होते?"
"...गुरुवारी. तू ऑफिसात होतीस. दिवाळीपुरतंच गं..."
पुढे मी काय बोलले ते लिहीत नाही. वहीची लाज वाटते. संध्याकाळी बन्सलजींना समोर उभं करून ईएलसीबी परत जोडून घेतला.

२५ ऑक्टो.
७.२०ला पडला. इतका आनंद मला प्रमोशनलाही झाला नव्हता.
पण अरुण तोंड लपवून अंथरुणातच. गीझर बंद. मग?
घरभर फिरले. बाल्कनीत सासूबाई, अनवाणी, रोजच्यासारखं ताम्हनातलं देवांच्या अंघोळीचं पाणी तुळशीला घालतायत. कुंडी भरून पाणी फरशीवर, तिथून कुंडीमागच्या एक्स्टेंशन बोर्डात. आकाशकंदिलाचा बोर्ड. दिसायला वाईट दिसतो म्हणून कुंडीमागे मीच सरकवलेला.
म्हणजे ईएलसीबी नसलेले पाच दिवस ह्या रोज त्या पाण्यात... मी तिथेच बसून रडले.
"अगं, लागेल कंदील परत! एवढं काय?" सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्याने आणखीच रडू आलं.

२८ ऑक्टो.
बोर्ड घरात, उंचावर. कंदील खिडकीत. बटण दाबलं की खटका पडतो, एरवी नाही. अरुण दिवसातून दोनदा दाबतो. महिन्यातून एकदा पुरतं, सांगितलं. ऐकत नाही.
आज सासूबाई फोनवर नणंदेशी: "मधे काही दिवस तुळशीपाशी उभं राहिलं की पायाला मुंग्या यायच्या गं. अरुणने ताकदीच्या गोळ्या आणून दिल्या, लगेच थांबल्या बघ! फार जीव आहे हो माझ्यावर. आणि ही पण. परवा माझ्याकडे बघून रडलीच."
अरुण माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. "सांगायचं?" मी खुणेने विचारलं. त्याने हात जोडले. माझंही धाडस होईना.
पट्टीत अजून सहा गोळ्या आहेत. तोवर ठरवू.