टेंगूळ घासलेले नाणे

बाबा, तुमच्या देहावसानानंतर इतक्या वर्षांनी तुमच्याविरुद्ध एक निकाल लागला आहे, आणि तो मला सर्वथैव अमान्य आहे. गेल्या रविवारी बोरसीच्या एका सभागृहात नाणेसंग्राहकांचे प्रदर्शन भरले होते. तुम्ही घासून दिलेले दोन रुपयांचे नाणे अत्तराच्या रिकाम्या डबीत कापसावर प्रतिष्ठापित करून मी प्रतवारीच्या अर्जासह परीक्षकासमोर यथाविधी उपस्थित झालो. परीक्षक नागपूरकडचा, वयाने माझ्याहून बराच धाकटा. त्याने डोळ्याला भिंग लावले, कड न्याहाळली आणि विचारले, "काकाजी, हे कोनं घासलं?"

"माझ्या तीर्थरूपांनी."

"कावून जी?"

या 'का'च्या समाधानकारक उत्तरासाठी तुमचे समग्र चरित्र कथन करावे लागले असते. सेक्टर दहामधले आपले पोलाद कारखान्याचे क्वार्टर. मी कॉलेजात आहे आणि जामुलच्या बसमध्ये कंडक्टरने सुट्ट्या पैशांत दिलेले ते नाणे स्वयंपाकघरात आईला दाखवतो आहे. त्याच्या कडेला धातूचे चांगले हरभऱ्याच्या डाळीएवढे टेंगूळ आहे. तेवढ्यात तुम्ही ड्यूटीवरून येता. कारखान्यात तयार झालेल्या रेल्वे रुळांवरचे दोष शोधायचे, त्यांच्याभोवती खडूने वर्तुळ काढायचे आणि घासायला पाठवायचे, हा तुमचा आयुष्यभराचा योगाभ्यास. तुम्ही नाणे खिडकीच्या उजेडात धरता. "असा माल पास करून राहिले टांकसाळवाले? आन् तू दात काढून राहिला!" आई म्हणते, "अवो, आंधी जेवून तर घ्या. ते काय पळून राहिलं?" पण कानस निघतेच. वरण गार होते, टेंगूळ नामशेष होते, आणि तुम्ही नाणे माझ्या तळहातावर ठेवता. "घे. आता पास."

परीक्षकाने मला जे ज्ञान दिले ते असे. साच्याची कड तुटली की त्या पोकळीत धातू शिरतो आणि नाण्यावर टेंगूळ उठते. संग्राहक अशा नाण्यांसाठी जीव टाकतात. छाप एका बाजूला सरकलेली असेल, पण वर्ष वाचता येत असेल, तर मूल्य अधिकच चढते. अट एकच, प्रमाद टांकसाळीच्या आतच घडलेला हवा. बाहेर आल्यावर मनुष्याचा हात लागला की तो दोष उरत नाही, ती इजा ठरते. म्हणून त्याने माझ्या अर्जावर लिहिले, 'बाह्य क्षती, प्रतवारीस अपात्र.' वर म्हणाला, "तसंच राहू देलं असतं, तर पाहाले रांग लागली असती. आता दुकानात चालवा."

बाबा, हा कोणत्या लोकीचा न्याय? टांकसाळीत कुणा निरीक्षकाचा डोळा लागला, तर त्या निद्रेला काचेची पेटी आणि प्रमाणपत्र. तुम्ही मात्र परक्या खात्याचा अपराध विनावेतन, उपाशीपोटी निस्तरला, तर ती क्षती! तुमच्या हातून सदोष रूळ सुटला असता, तर त्याची प्रतवारी करायला कोणी भिंग घेऊन आले नसते, गाडी घसरली असती. हे सर्व मी त्या सभागृहात उच्चरवाने सुनावले. "आपण निष्काळजीपणाचे पुजारी आहात," असेही म्हणालो. शेजारच्या टेबलावरची मंडळी उभी राहिली.

परीक्षक जराही रागावला नाही. नाणे डबीत ठेवत म्हणाला, "काकाजी, हात लय साफ होता तुमच्या बाबाचा. कानशीची रेघ सापडाले मले दहा मिनिटं लागले. पन मी पास नाही करू शकत."

इतक्या आदराने तुमचे नाणे नापास करणारा मनुष्य पाहिल्यावर तुम्ही त्याला चहा पाजला असता. मी डबी उचलून निघून आलो.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून एवढे लिहून टाकतो. तुमची बाजू मांडायला मी तिथे गेलोच नव्हतो. अर्जातल्या 'विक्रीसाठी' या रकान्यावर खूण मी घरूनच करून नेली होती.