निळीच्या आवाजाबद्दल

कुरांगा,
मंगळवार, दुपार

आदरणीय अॅथॉल मामांना डार्सीचा नमस्कार.

तुमचा नवा खुबा कसा आहे? जुन्यासारखा पाऊस येण्याआधी सांगतो का, की त्याला अजून तिकडची हवा कळत नाही? अॅडलेडला लेकीकडे तुमची बडदास्त नीट ठेवली जात असेलच. व्हर्ना मामी बरी आहे. कोंबड्या बऱ्या आहेत (तपकिरी सोडून, ती रुसली आहे, कारण पुढे येईल). लिंबाला मी ठरल्याप्रमाणे दर गुरुवारी पाणी घालतो. मी स्वतः दमलो आहे, पण ते विचारावे असा माझा आग्रह नाही.

निळीही बरी आहे. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडले, पण शब्दशः पाहिले तर ते खरे आहे. ती शेडमध्ये उभी आहे, चारही चाके जमिनीवर आहेत आणि आठही सिलिंडर चालतात. बसमध्ये चढताना तुम्ही म्हणाला होतात, "आलो की एकदा सुरू करून ऐकीन, मग ठरवीन तुला द्यायची की त्या नोएल जेसपला विकायची. तोवर हात लावू नकोस." ते वाक्य माझ्या नीट लक्षात आहे. सात आठवडे मला दुसरे काही आठवतच नाही.

मामा, मी हात लावला. पण चांगल्यासाठी लावला. झाले असे, की फुटबॉल क्लबात जेसपने सगळ्यांदेखत मला विचारले, "काय रे डार्सी, म्हाताऱ्याची गाडी अजून खाकरतेच का?" सगळे हसले. मला राहवले नाही. (तुम्हाला म्हातारा म्हटले म्हणून, गाडीला म्हटले म्हणून नव्हे. खरे तर दोन्हींमुळे.) मासिकात मी वाचले होते, की धूर बाहेर जायचा रस्ता रुंद केला की इंजिनाला मोकळा श्वास मिळतो आणि ताकद वाढते. नदीपलीकडे एका माणसाकडे तीन इंची नळ्यांचा वापरलेला संच पडून होता. मी विचार केला, की तुम्ही याल, चावी फिरवाल, आणि तुमचा ऊर भरून येईल.

जुना संच मी अतिशय काळजीने उतरवला. एकेक नट आइस्क्रीमच्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठ्या लावल्या: "उजवी, पुढून तिसरा, जरा घासलेला". गंज, चिखल, पत्र्याचे एक-दोन तुकडे असा किरकोळ कचरा निघाला, तो बाजूला केला. नव्या नळ्या चढवायला दोन शनिवार-रविवार गेले आणि माझ्या उजव्या हाताची तीन नखे. मग चावी फिरवली. तपकिरी कोंबडी तेव्हापासून अंडे देत नाही.

गावात तिचा आवाज मोठा होता, पण महामार्गावर शंभराच्या वेगाला गाडीच्या आत असा घुमे की दाढा हलायच्या. नव्वदला बरे, एकशे दहाला बरे, शंभरला दाढा. (शंभरचीच मर्यादा असलेला रस्ता आपल्या दारावरून जातो, हे मी आधी ध्यानात घ्यायला हवे होते.) परत येताना बेकरीसमोर हवालदार टकवेल खिम्याचा पफ खात उभा होता. त्याने तो खाली ठेवलासुद्धा नाही. एका हाताने मला थांबवले, त्याच हाताने काचेवर पिवळा स्टिकर लावला: सदोष वाहन, दुरुस्त करून तपासणी होईपर्यंत रस्त्यावर आणू नये. "तुझ्या मामाची गाडी मी वीस वर्षं ऐकतोय," तो म्हणाला, "ही ती नाही. कोणाची आणलीस, लेका?" स्टिकरशेजारी काचेवर टोमॅटो सॉसचा अंगठा उमटला, तो अजून गेलेला नाही.

म्हणून मी सगळे उतरवून जुने परत चढवले. चिठ्ठ्या होत्याच, त्यामुळे चूक व्हायला जागा नव्हती. तरी टिक टिक आवाज येऊ लागला. सांध्यातले गास्केट बदलले. टिक टिक. दुसऱ्या बाजूचे बदलले. टिक टिक. मग मासिकातला उपाय केला. व्हॅक्यूम क्लीनरने मागच्या नळीतून हवा आत फुंकायची आणि सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडायचे, गळती असेल तिथे बुडबुडे येतात. उपाय चांगला आहे. फक्त मामीचा व्हॅक्यूम क्लीनर फुंकत नाही, ओढतो, हे मला दहा मिनिटांनी कळले. मी तो पुसून जागेवर ठेवला, पण काजळीने भरलेली पिशवी रिकामी करायची राहिली. दुसऱ्या दिवशी मामीने बैठकीच्या खोलीत तो सुरू केला.  मग ती दारात येऊन उभी राहिली, कपाळापासून हनुवटीपर्यंत काळी, आणि म्हणाली, "डार्सी, बाळा, जेवायला ये." मला ओरडा जास्त सोसला असता.

शेवटी उजव्या नळीवर वीतभर चीर सापडली. गाडी ट्रेलरवर चढवून वेल्डिंगवाल्याकडे नेली, त्याने ती सुबक भरून दिली, तपासणीत पास झाली, स्टिकर निघाला. (अंगठा राहिला.) आता कुठेही गळती नाही, टिक टिक नाही, घुमणे नाही. कागदोपत्री निळी इतकी निर्दोष कधीच नव्हती. तेव्हा काळजी नसावी. गुरुवारी बस थांब्यावर मी हजर असेन.

तुमचा आज्ञाधारक (एक वेळ सोडून),
डार्सी

ता. क. एक गोष्ट राहिली. वेल्डिंगनंतर गाडी घेऊन घरी आलो, तर मामीने आतूनच विचारले, "कोण हवंय आपल्याला?" आवाजावरून तिने निळी ओळखली नाही. मग मला त्या किरकोळ कचऱ्याची आठवण झाली. त्यात बिअरचा एक जुना पोलादी डबा होता, कापून उजव्या नळीभोवती गुंडाळलेला, दोन पट्ट्यांनी आवळलेला. काढताना हातात बिस्किटासारखा चुरला. आतल्या बाजूला खिळ्याने कोरले होते: "तात्पुरते. ईस्टर १९८१." मामा, क्लबातली माणसे चाळीस वर्षे वाद घालतात, की अॅथॉलने इंजिनात असे काय केले आहे की तसा खर्जातला खर्र आवाज दुसऱ्या कोणत्याच गाडीला येत नाही. मी कोणाला सांगितलेले नाही. तुकडे चिठ्ठी लावून ठेवले आहेत.

ता. क. २. तो आवाज परत आणायला हल्लीचे डबे लावून पाहिले. ते अॅल्युमिनियमचे, धान्याच्या कोठारापर्यंतही टिकत नाहीत. पोलादी डबे कुठेच मिळत नाहीत. फक्त तुमच्या करंडकांखालच्या फळीवर दोन आहेत, तुमच्या लग्नातले, न फोडलेले. म्हणून हे सगळे पत्र. त्यातला एक घेऊ का? नाही म्हणालात तर समजेन, आणि निळी जेसपला गेली तरी तक्रार करणार नाही.

ता. क. ३. बुधवार सकाळ. पत्र टाकायचे राहिले होते ते बरे झाले, कारण मामीने ते वाचले. चष्मा काढला, फळीवरून एक डबा उतरवला, फोडला, अर्धा प्यायली. "लग्नातही अशीच घाण लागली होती," म्हणाली, उरलेली बिअर मोरीत ओतली आणि रिकामा डबा मला दिला. मी तो कापून आता चीर नसलेल्या उजव्या नळीभोवती आवळला, कोठारापर्यंत जाऊन वळलो. परत आलो तर ओट्यावर किटली चढलेली आणि दोन कप मांडलेले. एक तुमचा, कान तुटलेला. मला पाहून ती थबकली. "अगं बाई, तू होय," म्हणाली. कप मात्र उचलला नाही. मी त्यातच चहा प्यायलो.

ता. क. ४. पत्र आता पोचणार नाही, म्हणून उद्या थांब्यावर हातातच देईन. डावीकडच्या नळीवरही तसाच एक डबा आहे, १९८३ चा. त्याला मी हात लावलेला नाही. मामीने दुसरा लग्नाचा डबा फ्रीजमध्ये ठेवला आहे आणि कोणालाही स्पर्श करू देत नाही. ती म्हणते, की डॉक्टरांनी तुम्हाला तीन महिने क्लच दाबायला मनाई केली आहे, तेव्हा ठरवायचे असे काही उरलेलेच नाही. वाचून झाले की निळीच्या डावीकडच्या सीटवर बसा, चावी माझ्याकडे आहे.