दोन रिंगा

मंगळवार, संध्याकाळ

सुनंदा कळसला दिली तेव्हापासनं रोज दिवेलागणीला तिचा फोन दोनदा वाजायचा अन् बंद व्हायचा. उचलायचा न्हाय, हे बापलेकीचं ठरलेलं. दोन रिंगा म्हणजे सगळं ठीक हाय, अन् बिलबी पडत न्हाय. मग मीबी उलट दोन द्यायचो.

गेल्या महिन्यात तिनंच घरच्या फोनला नवा प्लॅन घेऊन दिला. "आबा, आता कितीबी बोला, फुकट हाय. रिंगांची भानगड नको." बरोबरच हाय तिचं. पण फुकट झाल्यापासनं फोन वाजलाच न्हाय. वाजंल कसा? बोलायला वेळ लागतो. दोन रिंगांना कुठं लागत होता?

आज ऱ्हावलं न्हाय. आमच्या जळोचीत दिवे लागले तसा मीच तिचा नंबर फिरवला. दोन रिंगा झाल्या, ठेवून दिला. तिथंच बसलो. म्हटलं, आता तिच्या दोन येतील.

वाजला. दोन झाल्या. तीन. चार. थांबंना, तेव्हा उचलला.

"आबा, चुकून लागला का?" तिच्या मागं मिक्सर चालू होता.

"व्हय," म्हटलं, "चुकूनच लागला."