मानाची काठी आणि डावा गुडघा

सोलापूर,
सोमवार

प्रिय सिद्धू,

आजीला पुन्हा आजारी पाडलंस म्हणे! तिला जाऊन किती वर्षं झाली, बिचारी वर निवांत असेल, आणि तू क्लबच्या मॅनेजरला सांगतोस की आजी सीरियस आहे, घरी जायला सुट्टी द्या. मला हे अव्वाकडून कळलं, आईच्या पोटात काही राहत नाही. अप्पांनी तर दुकानात पेढे वाटले. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होते, आमचा सिद्धलिंग कोलकात्यावरनं यायलालाय, औंदा नंदीध्वजाची काठी तोच उचलणार. मी पोत्यावर बसून ऐकत होतो. मला पेढा दिला नाही. सिद्ध्या, अक्कल कुठं गहाण टाकलीस रे? या मोसमात पहिल्यांदा तुला सुरुवातीच्या अकरात घेतलंय, आणि तू मधेच उठून गावच्या जत्रेत काठी कमरेवर घ्यायला येणार? फोनवर बोलायला गेलं की 'हो अण्णा, बघतो अण्णा' करून ठेवून देतोस, म्हणून लिहितोय. पत्र मधेच कट करता येत नाही. शेवटपर्यंत वाच.

सात रस्त्याला तुझा फ्लेक्स लागलाय, फोटोत पाहिला असशील. तू कोपऱ्यात बॉल घेऊन आणि मधोमध अप्पा हात जोडून, जसा काही गोल त्यांनीच मारलाय. हसू नकोस. माझाही असाच फ्लेक्स होता, त्याच चौकात. पुढं अव्वानं तो गच्चीत पत्र्याच्या गळतीवर टाकला, चांगला टिकला. मी मत्सरानं बोलतोय असं तुला वाटेल. वाटू दे, आहेच मला मत्सर. तुझी मॅच मी बघत नाही. चिंचोळीच्या कारखान्यात पोरं मोबाईल पुढं करतात, स्टोअरवाले, तुमचा भाऊ बघा की, कसला पळतोय! मी उठून गोदामात जातो आणि तिथं काही काम नसलं तरी काढून बसतो. साहेब पाहुण्यांशी ओळख करून देताना म्हणतात, हे आमचे फुटबॉलर. पाहुणे माझ्या लंगडण्याकडं बघतात आणि चहा पितात.

तुझ्या आठवणीतला मी म्हणजे गोव्याच्या क्लबचा लेफ्ट बॅक मल्लिकार्जुन, सुट्टीला आला की तुझ्यासाठी जर्सी आणणारा. तू तेव्हा पुण्याला क्रीडा वसतिगृहात होतास, घरात काय चालायचं ते तुला ठाऊक नाही. मी फुटबॉल खेळतो म्हणून आधी अप्पांनी माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. भुसार दुकानदाराच्या पोरानं अर्धी चड्डी घालून चिखलात पळावं हे त्यांना पटेना. मग करार झाला, पेपरात फोटो आला, आणि अप्पा फुटबॉलचे मोठे जाणकार झाले. ऑफसाइड म्हणजे काय ते आजतागायत कळलेलं नाही, पण दुकानात बसून पंचाला शिव्या द्यायचे. मला मात्र तिकडं गेल्यावर कळलं की हे खेळणं म्हणजे नोकरी आहे आणि तिच्यात आपलं अंग आपलं राहत नाही. सकाळी उठल्यावर आधी वजन, मग जेवणात काय खायचं ते दुसरा सांगणार, मग फिजिओ पाय दाबून बघणार. मोटारसायकल चालवायची नाही असंसुद्धा करारात लिहिलेलं. बाकावरची राखीव पोरं आपल्या पायाला काहीतरी होण्याची वाट बघत असतात, आणि ती काही वाईट नसतात, जेवायला आपल्याच शेजारी बसतात. तरी मी लई सुखात होतो, सिद्धू. सामन्याआधी बुटाची नाडी तीनतीनदा सोडून बांधायचो, आणि एकदा बॉल पायाला लागला की सगळं शांत. तसं मला पुन्हा कधी झालं नाही. लग्नात बोहल्यावरसुद्धा नाही, पण हे तुझ्या वहिनीला सांगू नकोस.

आता नीट वाच. सगळ्या गावाला आणि तुलाही ठाऊक आहे की माझा गुडघा गोव्याला सामन्यात गेला. तू तर मुलाखतीतही सांगितलंस, माझ्या अण्णाला मैदानात दुखापत झाली, मी त्याच्यासाठी खेळतो. ते खोटं आहे. तुझा दोष नाही, तुला तसंच सांगितलं गेलं. माझा गुडघा आपल्या गावात गेला, देवळाच्या वळणावर, त्याच काठीखाली जी तू उचलायला निघालायस.

त्या वर्षी मला जत्रेपुरती सुट्टी मिळाली होती. काठी उचलणारा माणूस महिनाभर आधी सरावाची काठी घेऊन रोज गावाबाहेर फिरतो, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दुमजली घराहून उंच काठी, वर पितळी साज, सगळा भार एका माणसाच्या कमरेच्या पट्ट्यात आणि पाय अनवाणी. कंबर आणि गुडघे त्या वजनाला हळूहळू सरावावे लागतात. मला एका दिवसाचाही सराव नव्हता. मी तसं म्हणालोही. तर अप्पा हसले, देवळाचे पंच हसले, ढोलवाला कोंडीबासुद्धा हसला. फुटबॉलवाल्याचे पाय हायत की, लोखंडाचे, याला कसला सराव? टीव्हीवर दीड तास पळतोय गडी! पळणारा पाय वेगळा आणि उभ्यानं भार पेलणारा पाय वेगळा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कराराचं सांगितलं तर अप्पा म्हणाले, देवाच्या कामाला कुठला आलाय करार! अर्ध्या वाटेपर्यंत मजेत गेलो, बायका आरती ओवाळत होत्या, मलाही चढलं होतं, खोटं कशाला बोलू. वळणावर फरशी ओली होती. डावा पाय जागेवर राहिला आणि वरचं अंग फिरलं. ढोल वाजत असतानासुद्धा आत काहीतरी तुटल्याचं मला ऐकू आलं. काठी जमिनीला टेकली तर अपशकुन, मग मान आपल्या घरातून भावकीत जाणार, आणि भावकीतले शिवलिंगप्पा काका तर बाजूलाच उभे होते. अप्पांनी माझं तोंड बघितलं. त्यांना कळलं, सिद्धू, मी शपथेवर सांगतो, त्यांना कळलं. जवळ आले आणि कानाशी म्हणाले, "मल्ल्या, टेकवू नको. थोडंच हाय की." मी देवळापर्यंत गेलो. पुढं डॉक्टर म्हणाले, फाटल्या गुडघ्यावर एवढं चालला नसता तर परत खेळला असता. डॉक्टर हे बोलले तेव्हा अप्पा तिथंच होते, खिडकीतून बाहेर बघत.

जत्रा संपेस्तोवर मला घरात झोपवून लेप लावला. मग अप्पांनीच क्लबला फोन केला, पोरगा न्हाणीत घसरला. क्लबवाले काय खुळे आहेत? 'आमचे चिरंजीव' लिहून काठीचा व्हिडिओ अप्पांनीच जगाला पाठवला होता, तो फिरत फिरत फिजिओपर्यंत गेला होता. करार गेला. मी बॅग भरत होतो तेव्हा बाकावरचा पोरगा दारात येऊन उभा राहिला. मी त्याला माझे बूट दिले, त्याला घट्ट झाले. आणि गावाला काय सांगितलं? तर तिकडं सामन्यात कुणीतरी लाथ घातली. मानाच्या काठीनं मानकऱ्याचाच पोरगा अधू केला, असं कसं सांगायचं? मीही गप्प राहिलो, बापाला सगळ्यांत उघडं कोण पाडणार. पण गंमत बघ, अप्पांना आता ते खरंच वाटतं. परवा भांडणात मी बोललो, तर माझ्या डोळ्यात बघून म्हणाले, तुझा गुडघा गोव्यात गेला, हितं न्हाय. चेहऱ्यावर काही हललं नाही त्यांच्या. तेव्हा मला त्यांची भीती वाटली.

तेव्हापासून आपल्या घराच्या वतीनं काकांचा थोरला काठी उचलतोय. औंदा पंचांनी सांगितलं, घरातला माणूस द्या, नाहीतर मान सोडा. म्हणून तुला फोन, म्हणून अप्पांचं फोनवरचं ते रडणं. ते रडणं खोटं नव्हतं, हेही सांगतो. मान गेला तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही असं त्यांना मनापासून वाटतं. पण तुझा तरी सराव कुठं झालाय? तुलाही तेच म्हणणार, फुटबॉलवाल्याचे पाय हायत की. आणि तू मला ओळखतोस तसा मी तुला ओळखतो. काठी कमरेवर आली, अप्पांनी मान डोलावली, की तूही मरेपर्यंत टेकवणार नाहीस. अव्वा आजवर या विषयावर तोंड उघडून बोलली नव्हती. परवा भाकरी थापता थापता म्हणाली, "एका पोराचा पाय गेला की. आता दुसऱ्याचा कशाला मागायलालाव?" अप्पा ताट सोडून उठले.

काल देवळात पंचांची बैठक होती. मी न बोलावता गेलो. थोरला मुलगा म्हणून उभा राहिलो आणि खरं काय झालं ते सगळ्या भावकीसमोर बोललो. पँट वर करून गुडघा दाखवला. मग म्हणालो, आमच्या घराचा मान आम्ही सोडला. पट्टा घरून घेऊनच गेलो होतो, तो शिवलिंगप्पा काकांपुढं धरला. वाटलं होतं ते खूश होतील. ते रडायला लागले, हात पुढं करेनात, पंचांनी सांगितल्यावर घेतला. अप्पा उठले. मला वाटलं मारतील, मारलं असतं तर बरं झालं असतं. ते पंचांना म्हणाले, "मला एकच पोरगा हाय, सिद्धलिंग. ह्यो कोण हाय मला ठावं न्हाय." आणि चपला न घालताच बाहेर पडले. आज मी आणि तुझ्या काव्यावहिनीनं चिंचोळीजवळ एका खोलीत सामान टाकलंय. अव्वाला भेटायला गेलो तर आतून कुणी दार उघडलं नाही.

हे तुला माझ्याकडूनही कळावं म्हणून हे पत्र. अप्पांचा फोन येईल, एव्हाना आलाही असेल. मला शिव्या देतील, ऐकून घे, उलट बोलू नकोस, माझी बाजू तर अजिबात घेऊ नकोस. त्यांना आता तू एकटाच आहेस आणि ते थकलेत. रोज फोन कर त्यांना, जेवलात का विचार. पण हितं आता तुला उचलायला काही उरलेलं नाही, तेव्हा आजीला बरी कर आणि शनिवारच्या मॅचला मैदानात उतर. मोसम संपला की ये, आधी माझ्याकडं ये, काव्या तुला खाऊ घालायला बसलीय. त्याआधी सोलापूर स्टेशनला उतरलेला दिसलास ना, तर तंगडी मोडीन तुझी. तुला काय वाटतं, माझ्यानं होणार नाही? ये आणि बघ.

तुझाच,
मल्लूअण्णा