विमानातून दिसलेली कौलं

तात्या,

परवा विमानांच्या कारखान्यातली दोन पोरं घरी आली होती. पंखांवर वारा सोडून बघायच्या ज्या बोगद्यात तुम्ही जन्म काढलात, त्याच्या दारावर तुमचा फोटो लावायचाय म्हणे, आणि खाली चार ओळी मी लिहून द्यायच्या. लिहायला बसले आणि मला हसूच आवरेना. 'पहिलं उड्डाण वरंधच्या माळावर' इथपर्यंत ठीक. पुढे 'वैमानिक' म्हणून कुणाचं नाव घालू, सांगा बघू! शेवटी ते कागद बाजूला सारले आणि तुम्हालाच लिहायला घेतलं.

महाडच्या घराची ती पडवी अजून डोळ्यांपुढे आहे. रेल्वेच्या कारखान्यातून बिनपगारी रजा घेऊन तुम्ही घरी आलात आणि वर्षभर तिथे विमान बांधत बसलात. इंजिन नाही, नुसते पंख आणि शेपूट. उतारावरून दोराने ओढलं की वाऱ्यावर चढणारं. शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्या, बांबूच्या कांबी, वर मांजरपाट, आणि तो ताठ व्हावा म्हणून भाताची पेज. आई पातेलं घेऊन येते, तुम्ही ते तिच्या हातातून काढून घेता. "आधी पंखाला, मग पोरांना," ती करवादते, "उद्या त्याला भातही भरवा!" चुलीच्या धुरात लाकडी पंखाचा तुकडा धरून तुम्ही बघत बसायचात, धूर त्याच्यावरून कसा जातो आणि कुठे सुटतो ते, आणि ती फुंकणी उगारून म्हणायची, डाळ लागली, आता तरी सरका. पण वाढताना तिचा हात सढळ. मुंबईच्या खाणावळीतून काडीसारखे आला होतात, वर्षभरात चांगले गरगरीत झालात. शिमग्यात उडालं नाही तर लाकडं चुलीत आणि मी पुन्हा रेल्वेचे डबे ठोकायला, असा शब्द तुम्ही तिला दिला होतात. मला त्या शब्दाची फार भीती वाटायची, कारण तुम्ही तो नक्की पाळला असता.

शिमग्याला विमान बैलगाडीतून घरापासून सहा-सात कोसांवरच्या वरंधच्या माळावर नेलं. तिथल्या वाडीतले चाकरमानी मुंबईहून आले होते, म्हणून दोर ओढायला गडी मिळाले. हवाई क्लबातले एक पारशी गृहस्थही मोटारीने आले. विमान पसंत पडलं तर क्लबाच्या कारखान्यात तुम्हाला जागा, नाहीतर संध्याकाळी ते आपले परत. तुम्ही ऐटीत बसलात. गडी धावले, विमान गवतावरून खरडत गेलं आणि थांबलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. गृहस्थ घड्याळाकडे बघायला लागले. तुमचा चेहरा असा उतरला की मला रडूच फुटलं. तेवढ्यात आई भाकऱ्यांची पाटी घेऊन पोचली.

"अहो, हे किती वजनाच्या माणसासाठी बांधलंय?"

"माझ्या."

"कधीच्या तुमच्या?"

तुम्ही खाली आपल्या पोटाकडे बघितलंत. पंखाचं वजन, शेपटाचं वजन, खिळ्याखिळ्याचं वजन केलं होतंत. स्वतःचं मात्र खाणावळीतलं धरलेलं! एखाद्या हलक्या गड्याला बसवावं म्हटलं तर कुणी पुढे येईना. "आमी दोर वढतो तात्या," म्हातारा सुतार म्हणाला, "पन त्यात बसायचं काय जमनार नाय." मग अंगाने बारीकच असलेल्या आईने पाटी खाली ठेवली, काष्टा घट्ट खोचला आणि सरळ जाऊन बसली. तुम्ही नको नको करत मागे धावलात. "एवढी माझी पेज प्यायलंय ते, मला टाकेल कसं?" म्हणाली.

गडी पुन्हा धावतात. "घट धर गो बाय!" सुतार ओरडतो. विमान गवतावरून सुटतं, बांध ओलांडतं, आंब्याच्या शेंड्याएवढं चढतं, आणि खाली तुम्ही दोन्ही हात वर करून धावताय, पडली तर झेलायला. धोतराचा सोगा सुटलाय, त्याची शुद्ध नाही. अहाहा, काय तो दिवस! मग ते डावीकडे कललं आणि पेंढ्याच्या उडवीत जाऊन रुतलं. आई बाहेर आली ती पदर झटकत. "डाव्या अंगाला ओढत होतं," एवढंच बोलली. तुम्ही आधी तिला नखशिखांत बघितलंत, मग पंख चाचपलात आणि सांगितलंत, की डावीकडे मांजरपाट फाटला होता, तिथे ठिगळही दुहेरी आणि पेजही दुहेरी बसली आहे, म्हणून ती बाजू जड. गृहस्थ हसायला लागले. "चूक उडून सांगणारी बायको आणि लगेच कबूल करणारा नवरा," म्हणाले, "दोघंही मुंबईला या."

मग क्लबाचा कारखाना, पुढे तो मोठा कारखाना, तुम्ही आखलेली इंजिनवाली विमानं. नव्या वैमानिकाला नाव विचारायच्या आधी तुम्ही काट्यावर उभं करायचात. स्वतः कितीदा तरी विमानात बसलात, पण जेवताना प्रश्न ठरलेला: "अगं, त्या दिवशी वरून काय दिसलं?" आणि आई सांगायची. सावित्रीचं वळण, शिवथरकडचे डोंगर, घाटातली बैलगाडी. दर खेपेला थोडं वाढायचं. एकदा तर महाडातल्या आपल्या घराची कौलं दिसली म्हणाली. आंब्याच्या शेंड्यावरून महाड! आणि तुम्ही, जन्मभर कोन मोजणारा माणूस, घास हातात धरून ऐकत बसलात. "मी नंतर पुष्कळ बघितलं," म्हणालात, "पण माझ्या पहिल्या विमानातून तूच पाहिलंस."

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो, तेव्हा तिने हळूच सांगितलं. दोर ताणला तेव्हा तिने जे डोळे मिटले, ते पेंढा नाकात गेल्यावरच उघडले. पोटात डावीकडे ओढल्यासारखं झालं, तेवढंच काय ते खरं. बाकी काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं. "मग इतकी वर्षं?" मी विचारलं. "अगं, किती हौसेने विचारायचे. काहीच नाही दिसलं, असं कसं सांगू?" आणि माझा हात धरून म्हणाली, "यांना कळू देऊ नकोस हं." तात्या, मी हसता हसता रडले. मी तिला बरं म्हटलंय, तेव्हा हे पत्र काही तुमच्यापर्यंत यायचं नाही. आणि कधी भेटलात आणि मला विचारलंत, तर कौलं दिसली होती, असंच मीही सांगणार.