केसपेपरवरची एक ओळ

प्रिय ठमे,

मंगळवार, नऊ जून, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. या वेळी तू अपघात विभागातल्या डॉक्टरांना सांगितलंस, "आईनं गोळ्या मुद्दाम घेतल्यात." केसपेपरवर वेळेसकट लिहिलंय. बत्तीस वर्षं मी इस्पितळाचं औषधभांडार सांभाळलं. उशाशी कागद आहे आणि मी वाचला नाही, असं होईल का? वाचला, दोनदा.

झालं होतं एवढंच. दाढ ठणकत होती म्हणून एक गोळी, सर्दीसाठी दुसरी, आणि दोन्हींत औषध एकच, पॅरासिटामॉल. दोन दिवस मी दोन्ही घेत राहिले. जन्मभर लोकांना दटावलं, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा म्हणून. स्वतःचा चष्मा मात्र फ्रीजवर. शुद्ध गाढवपणा, दुसरं काही नाही. ओकाऱ्या थांबेनात तेव्हा तू मला उचलून नेलंस, इथवर उपकार.

मग माझ्याच शिरेत त्यावरचा उतारा सुरू झाला. भांडारात त्याच्या बाटल्यांची मुदत मी दर महिन्याला तपासायची, आणि मनात म्हणायची, कुणाला लागू नये. यकृत वाचलं. पण तुझ्या त्या वाक्यापायी माझ्या पिशवीतल्या विणकामाच्या सुया काढून नेल्या. एक गोड आवाजाची समुपदेशक मुलगी शेजारी बसून विचारते, "आजी, जगावंसं वाटतं ना?" म्हटलं, "तू येईपर्यंत वाटत होतं." तर तेही लिहून घेतलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी असल्या खोट्यासाठी तुला शंभर ओळी लिहायला लावल्या असत्या.

डॉक्टर लवकर हलावेत म्हणून तू तसं बोललीस, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. पण तुझे बाबा गेल्यापासून तू रोज सकाळी सातला फोन करतेस, "चहा झाला का?" मला वाटायचं, बाईला दुसरा उद्योग नाही. त्यांची उरलेली औषधं तू आवरून नेलीस, तेव्हा मी तुला आगाऊ म्हटलं. काल पडल्या पडल्या हे सगळं जुळलं: तू ते खरं मानूनच बोललीस.

या वेळी चूकच होती, ठमे. पण फेब्रुवारीत एका सकाळी बाबांची गोळ्यांची बाटली माझ्या हातात होती, झाकण उघडलेलं. तुझा फोन वाजला. मी म्हटलं, ठेवतेय चहा, आणि खरंच ठेवला. त्यानंतर तसं कधी मनात आलं नाही, आणि हे मी कुणाला सांगितलंही नाही. तरी दुसऱ्याच दिवशी येऊन तू ती बाटली नेलीस. तुला कसं कळलं? फोनवर सांगू नकोस, मला ऐकवणार नाही. कागदावर, सहीनिशी, शनिवार वीस जून, संध्याकाळी सहाच्या आत.

तुझीच,
आई